मेन इव्हेंटला निघालायस, पण घरी काय सांगितलंस?

आलेलं पत्र, थोडं कापून:

"ताई, मी सनीवेलला असतो, वय ३६, मूळचा साताऱ्याचा. आमची दर शुक्रवारची पोकरची गँग आहे, दहा जण. दोन वर्षं दर शुक्रवारी प्रत्येकाकडून १० डॉलर बाजूला काढले, भिशीसारखे, आणि ठरवलं की १०,००० जमले की आमच्या लीगमध्ये जो पहिला असेल त्याने वेगासला जाऊन वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचा मेन इव्हेंट खेळायचा. मी पहिला आलो! आता टेन्शन आलंय. पहिल्या तासात बाद झालो तर तोंड कसं दाखवू, मोठ्या प्लेयर्ससमोर हसं होईल का, चुकून जिंकलोच तर पैशांचं काय करायचं, आणि नवख्या माणसाने कसली काळजी घ्यायची. बायकोला सध्या ऑफिसची ऑफसाइट आहे असं सांगितलंय, कारण तिच्या मते पोकर म्हणजे जुगार. बाबा रिटायर्ड मास्तर आहेत, त्यांना तर विषयच काढलेला नाही."

अरे, आधी अभिनंदन. दहा मराठी माणसं दोन वर्षं एका भिशीत टिकली आणि मधे कोणी भांडून बाहेर पडलं नाही, हेच मला जिंकण्यापेक्षा अवघड वाटतं.

आता तू चार प्रश्न विचारलेस आणि पाचवी गोष्ट जाता जाता शेवटी टाकलीस, मी तिथूनच सुरू करणार आहे कारण बाकी सगळं त्याच्यावर अडलंय. ऑफसाइट. किती दिवसांची सांगितलीस? तीन? मेन इव्हेंट, म्हणजे तिथली ती १०,००० डॉलर फीची मुख्य टूर्नामेंट, साधारण दोन आठवडे चालतो, २०२५ ला २ जुलै ते १६ जुलै होता. पहिला दिवस चार भागांत असतो, वन-ए, वन-बी, वन-सी, वन-डी, यातला एक तू निवडायचा, त्यात टिकलास की मधे सुट्टी आणि मग दुसरा दिवस, मग तिसरा, असं पुढे. म्हणजे तुला परतीची तारीख माहितीच नसणार. पहिल्या दिवशी बाद झालास तर तुझी ऑफसाइट व्यवस्थित तीन दिवसांत संपेल, कोणाला काही कळणार नाही. आणि चांगला खेळलास तर? तर मंगळवारी घरी फोन करून सांगणार की मॅनेजरने अजून चार दिवस थांबवलंय? शिवाय तिथे लाइव्ह रिपोर्टिंग असतं, फोटो असतात, आणि पैशात आलास, म्हणजे बक्षीस मिळेपर्यंत टिकलास, की तुझं नाव, गाव आणि रक्कम नेटवर कायमची लागते. साताऱ्यात बसलेल्या तुझ्या मावसभावाने नाव टाकलं तरी दिसेल. तू जी थाप मारलीयेस ना ती फक्त तू हरलास तरच टिकणारी आहे. म्हणजे स्वतः हरावं अशी सोय करूनच चाललायस की!

तेव्हा सांग बायकोला. आजच सांग, बॅग भरायच्या आदल्या रात्री नको. १०,००० घरातले नाहीत, दोन वर्षांच्या भिशीचे आहेत, विमान आणि हॉटेल तेवढं आपलं जाणार, त्याचा आकडा अमुक अमुक. ती चिडेल, पत्त्यांपेक्षा थापेवर जास्त चिडेल, आणि ते बरोबरच आहे. एक गोष्ट मात्र तू स्वतःला विचार, मला उत्तर नकोय. ही थाप तू पहिल्यांदा मारलीस की शुक्रवारी किती हरलो हेही गेली दोन वर्षं कमी करून सांगतोयस? पहिल्यांदा असेल तर पुढचं वाच. दुसरं असेल तर वेगासचं तिकीट राहू दे, सीट गँगमधल्या दोन नंबरच्याला दे, आणि आधी घरी सगळा हिशोब मांड, कारण ते वेगळंच पत्र आहे आणि त्याचं उत्तर पोकरमध्ये नाही.

पुढचं वाचतोयस म्हणजे पहिलंच असावं असं धरते.

तर पहिला प्रश्न, पहिल्या तासात बाद झालो तर. होशील की. म्हणजे पहिल्या तासात नाही झालास तरी कधीतरी होशीलच, एक सोडून सगळे होतात. २०२३ ला १०,०४३ लोक बसले, १,५०७ जणांना पैसे मिळाले. २०२४ ला १०,११२ बसले, तो आत्तापर्यंतचा सगळ्यात मोठा आकडा होता, त्यातले १,५१७ पैशात. म्हणजे शंभरातले पंचाऐंशी लोक हात हलवत घरी जातात आणि त्यात जगभर फिरून खेळणारे, पुस्तकं लिहिणारे, टीव्हीवर दिसणारे सगळे असतात. म्हणून मी प्रत्येकाला एकच सांगते, ते १०,००० दरवाजातून आत जातानाच गेले असं समज. खर्च झाले. संपलं. एकदा हे मनाने धरलं की बाकीचे निर्णय आपोआप सोपे होतात, कुणाला काय सांगायचं, किती दिवसांची रजा, कुठलं हॉटेल, आणि टेबलावर बसल्यावर हात थरथरणंही कमी होतं. आणि हो, तुझ्या १०,००० मधले ९,३०० च बक्षिसात जातात, ७०० आयोजकांचे. लग्नाच्या हॉलचं भाडं समज.

हे डोक्यात बसायला अवघड जातं कारण आपल्या सगळ्यांच्या डोक्यात ती मनीमेकरची गोष्ट बसलेली असते. ख्रिस मनीमेकर, हो खरंच आडनाव आहे, अकाउंटंट माणूस, २००३ ला ऑनलाइन सॅटेलाइटमधून, म्हणजे जिंकलं की मोठ्या टूर्नामेंटची सीट मिळते अशा छोट्या टूर्नामेंटमधून, सीट मिळवून आला आणि २५ लाख डॉलर घेऊन गेला. तेव्हा ८३९ लोक होते. तीन वर्षांनी, २००६ ला, ८,७७३ झाले, सगळे मनीमेकर व्हायला आले होते. गोष्ट खरी आहे, पण त्या ८,७७२ जणांची गोष्ट कोणी सांगत नाही कारण त्यात सांगण्यासारखं काही नसतं, बसले, हरले, टॅक्सी केली.

आता पैशांचं, आणि इथे जरा थांब कारण इथे मैत्र्या तुटतात. तुमच्या भिशीचा नियम काय आहे? जिंकलेले पैसे दहा समान वाटे? की खेळणाऱ्याला जास्त? विमानाचा खर्च आधी वजा करायचा की तुझा तू? तुझ्या पत्रात याचा एक शब्द नाही, आणि मला खात्री आहे तुमच्या ग्रुपवरही नाही, "अरे बघू रे जिंकल्यावर" एवढंच झालं असणार. आमच्या ओळखीत सात जणांनी एकाला एका छोट्या टूर्नामेंटला पाठवला होता, रक्कम काही फार नव्हती, तो पैशात आला आणि परत येताना गाडीतच वाद सुरू झाला की डीलरला दिलेली टिप कोणाच्या वाट्यातून. पुढच्या दिवाळीला दोन वेगळे फराळ झाले.

म्हणून निघायच्या आधी ग्रुपवर चार ओळी टाक आणि प्रत्येकाचा ओके घे. वाटे किती आणि त्यात तुझा किती, खर्च कोणाचा, टिप किती टक्के, आणि हरलो तर कोणाचं काही देणं नाही. पाचवी ओळ टॅक्सची. मेन इव्हेंटला सगळ्यात कमी बक्षीस गेली काही वर्षं १५,००० डॉलर आहे, म्हणजे फी जाता ५,००० वर, दहा जणांत पाचशे पाचशे, ते ठीक आहे, एक चांगलं जेवण होईल. पण समज ४०,००० मिळाले. कॅसिनो कागद बनवतो तो तुझ्या नावाने, आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याकडे, जातो तो तुझा नंबर, आणि तू दहापैकी नऊ वाटे मित्रांना देऊन बसलेला असतोस. त्यासाठी ५७५४ नावाचा एक फॉर्म असतो, त्यात जिंकलेल्या रकमेत कोणाचा किती वाटा ते लिहून देतात. तो पेआउटच्या खिडकीवर पहाटे दोन वाजता आठवून उपयोग नाही, आधीच तुझ्या सीपीएला, म्हणजे टॅक्सचं बघणाऱ्या अकाउंटंटला, विचार की तुमच्या केसमध्ये कसं करायचं. २०२६ पासून आणखी एक आलंय, जुगारात हरलेल्या पैशांपैकी ९० टक्केच जिंकलेल्यातून वजा करता येतात, पूर्वी जिंकलेल्याच्या मर्यादेत पूर्ण करता यायचे. म्हणजे वर्षभरात जेवढे जिंकले तेवढेच हरले तरी कागदावर उत्पन्न दिसतं. गंमतच आहे, पण सीपीए हसत नाहीत या गोष्टीला.

बरं, आता प्रत्यक्ष तिथे. जुन्या फोटोत जे हॉर्सशू दिसतं, जिथे १९७० ला हे सगळं सुरू झालं, ते डाउनटाउनला होतं, टॅक्सीवाल्याला स्ट्रिपवरचं, म्हणजे मोठ्या कॅसिनोंच्या रस्त्यावरचं, हॉर्सशू असं सांग. मधली बरीच वर्षं रिओ कॅसिनोत झालं, २०२२ पासून स्ट्रिपवर आलंय, आत्ताचं हॉर्सशू म्हणजे पूर्वीचं बॅलीज, आणि शेजारचं पॅरिस नावाचं हॉटेल, दोन्ही आतून जोडलेली आहेत. आदल्या दिवशीच पोचून रजिस्ट्रेशन करून घे, त्या दिवशी सकाळी रांग बघून निम्मे अवसान तिथेच गळतं. ओळखपत्र ओरिजिनल लागतं, फोनमधला फोटो चालत नाही.

सीटची चिठ्ठी मिळते, हॉल, टेबल, खुर्ची. आत शिरलास की पहिल्यांदा आवाज येतो. शेकडो टेबलं आणि प्रत्येकावर लोक चिप्स बोटांत खेळवतायत, त्याचा एकत्र आवाज म्हणजे पत्र्यावर पाऊस पडावा तसा, किर्रर्र एकसारखा. मग माइकवरून कोणीतरी ओरडतं, पत्ते पिसा आणि वाटा, इंग्रजीत अर्थात, आणि मला तर पहिल्या वेळी अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

तुला ६०,००० च्या चिप्स मिळतात आणि ब्लाइंड, म्हणजे दर हाताला दोघांना आधीच लावाव्या लागणाऱ्या चिप्स, एक छोटा आणि एक मोठा म्हणजे बिग, सुरू होतात १००/२०० पासून. तीनशे बिग ब्लाइंड! तुमच्या शुक्रवारी किती असतात, पन्नास? शंभर? आणि एक लेव्हल, म्हणजे ब्लाइंड वाढेपर्यंतचा वेळ, दोन तासांची. तुमच्याकडे वीस मिनिटांनी ब्लाइंड वाढतात म्हणून सारखं काहीतरी करावं लागतं, इथे काहीच करावं लागत नाही. तुझी सगळी सवय उलटी आहे रे, हे लक्षात ठेव. पहिल्या दिवशी पाच लेव्हल म्हणजे दहा तास खेळ, मधल्या वीस वीस मिनिटांच्या सुट्ट्या आणि जेवणाची मोठी सुट्टी धरून दुपारी बसलेला माणूस मध्यरात्री उठतो. त्या दहा तासांत नीट खेळावेत असे पत्ते किती वेळा येतात ते तू मोज, बाकीचा वेळ पत्ते टाकून द्यायचे, नुसतं फोल्ड, फोल्ड, पाणी पी, फोल्ड.

हसं होईल का विचारलंस. कोण हसणार? माझ्या टेबलावर एक दाताचा डॉक्टर होता, एक ट्रक चालवणारा, एक रिटायर्ड बाई जिला मुलांनी साठीची भेट म्हणून पाठवलेलं, आणि प्रोफेशनल म्हणावेत असे दोन, तेही हेडफोन लावून गप्प. भारतीय चेहरा बघूनही आता कोणाला नवल वाटत नाही, निकिता लूथरने २०१८ ला तिथे ब्रेसलेट, म्हणजे तिथल्या टूर्नामेंटच्या विजेत्याला देतात ते, जिंकलं, संतोष सुवर्णाने २०२४ ला अडीच लाख डॉलर फीची टूर्नामेंट जिंकून ५० लाखांच्या वर नेले. पण नवखेपणा दिसतो तो दोन-तीन ठिकाणीच आणि ते आधीच सांगून ठेवते. एक म्हणजे एकच मोठी चिप टाकली आणि तोंडाने काही बोलला नाहीस तर तो कॉल, म्हणजे समोरच्याएवढेच लावणं, धरतात, रेझ, म्हणजे वाढवणं, नाही. माझ्या अगदी पहिल्या चांगल्या हाताला, एक्का-राजा होते, मी मोठ्या ऐटीत १,००० ची एक चिप पुढे सरकवली, मनात रेझ, डीलर म्हणाला कॉल, आणि परत ८०० सुट्टे माझ्याकडे सरकवले. दाताचा डॉक्टर दयेने बघत होता. तेव्हा आधी तोंडाने बोल, मग चिप्स टाक. आणि एकाच वेळी टाक, थोड्या ठेवल्या, परत स्टॅककडे हात नेऊन आणखी आणल्या असं चालत नाही. दुसरं, आपले पत्ते सांभाळ, वर एक चिप ठेव, नाहीतर डीलर गोळा करून नेतो आणि मग रडून उपयोग नाही. तिसरं मराठी माणसासाठी खास, हात चालू असताना टेबलावर इंग्रजीच बोलायचं असा नियम आहे. मी रिव्हरला, म्हणजे टेबलावरच्या शेवटच्या पानाला, बदामची नव्वी पडल्यावर "आई गं" म्हणाले तर डीलरने वर बघून समज दिली. आता आई गं मध्ये काय गुपित असणार, पण नियम तो नियम.

फोन हातात पत्ते असताना वापरायचा नाही. आणि गँगमधलं कोणी बघायला आलं तर त्यांना सांग की लॅपटॉप घेऊन रेलवर, म्हणजे प्रेक्षकांच्या कठड्यापाशी, उभं राहायचं नाही, २०२४ च्या फायनलला यावरून बराच वाद झाला होता आणि तेव्हापासून या बाबतीत कडक झालेत. तुमचा ग्रुप तर म्यूटच कर. नऊ जणांचे "काय झालं" "किती झाले" "अरे बोल ना" येत राहणार आणि प्रत्येक मेसेजला तुला वाटणार की काहीतरी करून दाखवलं पाहिजे. ब्रेकला एक आकडा टाक, बास.

काहीतरी करून दाखवलं पाहिजे, यानेच मी गेले. सांगते.

मी मेगा सॅटेलाइटमधून सीट मिळवली होती, म्हणजे खिशातून १,१०० च गेले होते, तरी नवऱ्याला आधी सांगितलं होतं हं. चौथी लेव्हल, जेवणानंतरची. माझ्याकडे ४७,००० उरलेले, म्हणजे काहीच वाईट नाही, नव्वदच्या वर बिग ब्लाइंड. समोर एक पंचविशीतला मुलगा, हेडफोन, टोपी, त्याने लागोपाठ तीन वेळा माझ्या ब्लाइंडवर रेझ केलं आणि मी तीनही वेळा पत्ते टाकले, तिसऱ्या वेळी तो जरासा हसला असं मला वाटलं. हसला की नाही देव जाणे. चौथ्या वेळी त्याने १,२०० केले, मी बटणावर, म्हणजे टेबलावरची पानं उघडल्यावर शेवटी बोलायच्या जागी, माझ्याकडे बदामचे राजा-राणी. गप्प कॉल करायचे पत्ते किंवा टाकायचे. मी ४,००० केले. त्याने कॉल केलं. फ्लॉप, म्हणजे टेबलावर उघडलेली पहिली तीन पानं, राणी-नव्वी-चौकी, त्याने चेक केलं, म्हणजे काही लावलं नाही, मी ४,५०० लावले, त्याने जराही न थांबता १४,०००. आता ऐक, त्या क्षणी मला माहीत होतं. पोटात कळतं ना तसं. दिवसभर त्या मुलाने चेक करून असं एकदाही उलटं मारलं नव्हतं. पण मला ते हसू दिसत होतं. मी कॉल केलं. टर्नला, म्हणजे चौथ्या पानाला, दुर्री, त्याने ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिप्स पुढे, मी परत कॉल. त्याच्याकडे चौक्यांची जोडी, टेबलावरची धरून तीन चौक्या. रिव्हरला काय पडलं आठवत नाही.

त्यानंतरचं आठवतं. मी उभी राहिले, "गुड लक" म्हणाले, कोणी वर बघितलं नाही, डीलर चिप्स ओढत होता आणि माझ्या मागे एक माणूस चिप्सचा रॅक घेऊन उभाच होता माझ्या खुर्चीची वाट बघत. दहा सेकंदांत तिथे मी बसले होते याची खूण उरली नाही. कॉरिडॉरमधून चालत बाहेर आले, रात्री साडेदहाला सुद्धा भट्टी उघडल्यासारखी हवा, पर्समध्ये पाचव्या लेव्हलसाठी ठेवलेलं केळं होतं ते फुटपाथवर उभी राहून खाल्लं आणि नवऱ्याला फोन केला. हेच सगळं होतं. तोंड दाखवायला काही लागलं नाही, कोणी बघतच नव्हतं.

तर तुझं होईल ते असंच होईल, कधी ते माहीत नाही. फक्त माझ्यासारखं चिडून नको, पत्त्यांमुळे होऊ दे. कोणाचा राग आला की एक फेरी उठून चालून ये, ब्लाइंड जातील ते जाऊ देत, ६०,००० मधून तेवढं परवडतं.

जास्त धोका मला बाद झाल्यानंतरच्या बारा तासांचा वाटतो. तिथे दर काही तासांनी दुसरी टूर्नामेंट सुरू होत असते, ६०० ची, १,१०० ची, आणि शेजारीच कॅश गेम, आणि तू दुखावलेला, झोप नाही, खिशात कार्ड. भिशीचे गेले ते गेले, पण स्वतःचे त्या रात्री एक डॉलरही नाही. आधी आकडा ठरव आणि तो बायकोला सांगून जा, मग एटीएमपाशी पाय आपोआप अडतात.

अंगाची काळजी म्हणशील तर हॉलमध्ये एसी असा असतो की जुलैत हूडी लागते, बाहेर चाळीसच्या वर. जेवणाच्या सुट्टीत हजारो माणसं एकाच वेळी बाहेर पडतात, व्हेज शोधत रांगेत उभा राहिलास तर वेळ संपेल, सकाळीच पोळीभाजीचा रोल करून घे किंवा काहीतरी विकत घेऊन ठेव. बाथरूमला ब्रेकच्या पाच मिनिटं आधी उठून जायचं, हे मला त्या साठीच्या बाईने शिकवलं आणि अख्ख्या दिवसातला सगळ्यात कामाचा सल्ला तोच निघाला. फुकट मिळाली तरी दारू नको. टेबलावर बसल्या बसल्या मसाज करणारे लोक येतात, मिनिटावर पैसे, तो तुझा प्रश्न.

टिकलास तर रात्री प्लास्टिकची पिशवी देतात, त्यात चिप्स मोजून भरायच्या, नाव आणि आकडा लिहून सील करायचं. पुढे पैशांच्या जवळ आलं की बबल, म्हणजे आणखी एक जण गेला की उरलेल्या सगळ्यांना १५,०००. तेव्हा सगळी टेबलं एकेक हात एकदम खेळतात, एकाचा हात संपला तरी बाकीच्यांसाठी थांबायचं, अर्धा अर्धा तास तसाच जातो. जो नेमका तिथे जातो त्याला बहुतेक वर्षी पुढच्या वर्षीची सीट देतात, समजूत म्हणून. त्या वेळी चिप्स कमी असतील तर सरळ टाकत बस, लाज वाटू देऊ नकोस, दहा घरांचे पाचशे पाचशे आहेत ते.

भारतातून जायचं म्हणणाऱ्या दोन-तीन वाचकांची पत्रं पण पडून आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने भारतात पैशांचं ऑनलाइन पोकर बंद झालंय, त्यामुळे तिथल्या ॲपवरून सीट मिळवायचा रस्ता उरला नाही. सराव करायचाच तर गोव्यात, पणजीला मांडवीतल्या बोटींवर, तिथे लाइव्ह टूर्नामेंट होतात. वेगासला जिंकलात तर भारतीय रहिवाशाचे ३० टक्के अमेरिकेतच कापतात, दोन देशांच्या करारात जुगाराला सूट नाही, आणि भारतातही पत्त्यांच्या जिंकलेल्या पैशावर ३० टक्केच आहे, तर तिथे कापलेल्याचं क्रेडिट कसं घ्यायचं ते सीएला विचारा. फी पाठवण्याआधी बँकेलाही विचारा, लॉटरी, स्वीपस्टेक वगैरेसाठी बाहेर पैसे पाठवायला फेमाखाली, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखाली, मनाई आहे, पोकरची फी कशात बसवतील ते लेखी घेतलेलं बरं.

राहिले बाबा. त्यांना पोकर हा बुद्धीचा खेळ आहे वगैरे भाषण देऊ नकोस, मास्तर आहेत, त्यांना भाषण कळतं. जुगार आहे म्हणाले तर आहे म्हण. पैसे लावलेत, नशीब आहे, वर अक्कलही आहे. साताऱ्यात गणपतीच्या जागरणाला पत्ते तुम्हीही खेळत असणार, पैसे न लावता, ते कधी फोल्ड करायचे आणि कधी हुकूम दाबून ठेवायचे ते विचार त्यांना. माझी आजी मेंढीकोट खेळताना अख्खा डाव चेहऱ्यावर काही दाखवायची नाही आणि शेवटी दश्शी काढायची, ती मेन इव्हेंटला बसली असती तर माझ्यापेक्षा नक्की पुढे गेली असती. बाबांना आधी सांगायचं की नंतर ते तू ठरव, तिथे तुझा संसार अडलेला नाही.

आणि दिवस निवडताना वन-सी किंवा वन-डी घे, ते साधारण चार जुलैच्या आसपास येतात, एक रजा वाचते. वन-एला बसून टिकलास तर मधे बरेच दिवस रिकामे मिळतात आणि रिकामा माणूस वेगासमध्ये काय करतो ते वर लिहिलंयच. हॉटेल कॅन्सल करता येणारं, तिकीट बदलता येणारं. आणि थाप कबूल करून झाली, बायको शांत झाली, की तिला विचार, येतेस का. पॅरिसमध्येच खोली घ्या. मग तिच्या आईला सांगायला हरकत नाही की आम्ही दोघं चार दिवस पॅरिसला चाललोय.